स्क्रूड्रायव्हरची मूठ

इथे जुलैत हिवाळा असतो.
तांदीलच्या टेकड्यांवरून दगडखाणीची धूळ
गारठून खाली येते, आणि शटर वर करताना
तळहाताची कातडी लोखंडाला चिकटते.

एलादिओची फाल्कन उभी आहे. सहा सिलिंडर, एका ओळीत.
मागच्या शनिवारी कॅमशाफ्ट बदलला, मीच.
नवा म्हणजे तोच जुना, घासून आणलेला,
लोब चढे, पोट बारीक.
चढावर गाडी उडी मारते, म्हणतो,
आणि म्हणतो, नेलिदा, ही टकटक कसली?

टकटक.
मी कान दिला की नसते, तो बसला की असते,
थंड असताना थोडी, तापल्यावर हट्टी.

जे करायचं असतं ते मी केलं.
झाकण उघडलं. बारा रॉकर, बारा स्क्रू.
फिलर गेजची पाती घातली एकेका फटीत,
मिटलेल्या वहीतून कागद ओढावा
तेवढ्याच विरोधाने बाहेर आली.
माप बरोबर. बाराही ठिकाणी बरोबर.
झाकण लावलं, चावी फिरवली.
टकटक.

शंकेची पाल म्हणतात ती हीच,
चौथ्या सिलिंडरच्या आसपास चुकचुकत बसलेली.
बेअरिंग, म्हणत होती.
पिस्टनची पिन, म्हणत होती.
तुझ्याच हातून, म्हणत होती.

बाबांना आता ऐकू येत नाही.
साठ वर्षं इंजिनाशेजारी उभं राहिल्याची ही पेन्शन.
कोपऱ्यात बसून भोपळ्यातला कडू चहा
नळीने ओढत होते. उठले.
लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक झाकणाला टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.
एलादिओ हसायच्या बेतात होता. हसला नाही.
पहिला, दुसरा, तिसरा.
डोळे मिटून, कवटीने ऐकत,
चौथ्यावर थांबले. परत मागे गेले. परत चौथा.

लाळ पुसून म्हणाले,
कोरडं आहे.

झाकण पुन्हा काढलं. या वेळी फट बघितली नाही,
स्क्रू बघितला.
केवढा खाली उतरलेला,
विहिरीत वाकून पोहरा शोधणाऱ्यासारखा,
शेवटच्या दोन आट्यांच्या भरवशावर.
कॅम घासला तसं त्याचं पोट आत गेलं,
पुशरॉड होता तेवढाच राहिला,
आणि मधलं अंतर भरायला मी स्क्रू पिळत गेले,
पिळत गेले, माप येईपर्यंत.
माप आलं.
पण स्क्रूच्या अंगातलं तेलाचं भोक
रॉकरमधल्या वाटेवरून खाली सरकलं.
तेल यायचं दारापर्यंत. दार तिथे नसायचं.
चौथ्या रॉडचं टोक निळं पडलेलं,
बोटाने पुसलं तरी निळंच.

मार देल प्लाताहून गुरुवारच्या बसने
बारा पुशरॉड आले, दोन मिलिमीटर लांब,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
पैसे एलादिओकडून घेतले नाहीत.
चूक तेवढ्याच किमतीची होती.

गाडी सुरू केली. टकटक गेली.
उरली एक बारीक टिकटिक,
शेजारच्या घरात कुणी शिवणयंत्र चालवतंय तशी.
हीसुद्धा काढ ना, एलादिओ म्हणाला.
मी पाना उचलला.

बाबांनी मनगट धरलं.
फट बुजवलीस, की तापल्यावर
व्हॉल्व्ह पुरता मिटायचा नाही.
मग गप्प बसेल. गप्प बसून जळेल.
तुला कळायचंही नाही.
बोलतोय ना? बोलू दे.

या महिन्यात एवढं लांब
पहिल्यांदाच बोलले.
मग पुन्हा कोपरा, पुन्हा भोपळा.

संध्याकाळी हत्यारं पुसायला घेतली.
त्या स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीवर
दातांच्या खुणा होत्या.
तीन-चार आजच्या.
बाकीच्या जुन्या.